एसटीच्या तिकिटाएवढा एसएसडी आणि चाळीस पिनांची पट्टी: दुकानात वापरून लिहितोय

आमचं सांगलीत लग्नपत्रिका आणि डीटीपीचं दुकान आहे. काकांनी सुरू केलं, आता मी बसतो. दुकानात तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जमान्यातले, म्हणजे म्युझियमच म्हणा. एक पेंटियम फोर, ८४५ चिपसेटचा बोर्ड, त्यात डिस्क जोडायला फक्त आयडीई, ती चाळीस पिनांची चपटी पट्टी. दुसरा सेकंड जनरेशन आय थ्री, एच ६१ बोर्ड, त्याला सॅटा, म्हणजे आयडीईनंतर आलेली बारीक केबलची जोडणी. आणि तिसरा बाराव्या जनरेशनचा आय फाइव्ह, त्यात एम डॉट टू नावाच्या बोर्डावरच्या स्लॉटवर एनव्हीएमई, म्हणजे केबलशिवाय थेट बोर्डात बसणारा ड्राइव्ह. पेंटियम फोर अजून का ठेवलाय असं सगळे विचारतात, तर त्यात पानं जुळवायचं जुनं पेजमेकर आहे, जुने मराठी फाँट आहेत आणि त्या फाँटचं डाँगल, म्हणजे ते लावल्याशिवाय फाँट चालू न देणारी किल्ली, मागच्या पॅरलल पोर्टला लागतं, नव्या मशीनला तो पोर्टच नाही. सोप्पं आहे उत्तर.

गेल्या दीड वर्षात टप्प्याटप्प्यानं मी पाच वस्तू घेतल्या. आयडीई आणि सॅटा दोन्ही चालणारा यूएसबी ३.० कन्व्हर्टर १३५० ला, आय थ्रीसाठी ५०० जीबीचा सॅटा एसएसडी (फिरणाऱ्या चकतीऐवजी मेमरी चिपवर डेटा ठेवतो तो) ३१०० ला, नव्या मशीनला १ टीबीचा एनव्हीएमई ५६०० ला, एनव्हीएमई आत घालून बाहेरून लावायचा एक यूएसबी सी वाला केस १७०० ला, आणि शेवटी ३५० रुपयांची एक चिमुकली पाटी, तिच्याबद्दल नंतर सांगतो कारण खरी मजा तिथंच आली. भाव मी घेतले तेव्हाचे आहेत, या गोष्टींचा भाव कांद्यासारखा वरखाली होतो तेव्हा आजचा बघून घ्या. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण मला कंपनीबद्दल नाही तर जोडणीबद्दल बोलायचंय, नवीन पोर्ट जुन्यापेक्षा चांगला चांगला म्हणतात तो नक्की कशात चांगला आणि पैसे कुठं वाया जातात ते.

पहिल्यांदा पट्टी. ज्यांनी आयडीई बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, पण नवीन पोरांसाठी लिहितो. एका पट्टीवर दोन डिस्क, त्यातली एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोण ते ठरवायला डिस्कच्या मागं एवढासा जंपर, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, तो चिमट्यानं काढायचा आणि दुसऱ्या पिनांवर बसवायचा. हातातून सुटला की गेला. दोन्ही मास्टर राहिल्या तर कधी एकच दिसणार, कधी एकही नाही. काका जंपर हरवू नयेत म्हणून देवघरातल्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवायचे आणि ती डबी अजून आहे दुकानात. पट्टीची लांबी दीड फूट, त्यापेक्षा जास्त नियमातच बसत नाही, आणि रुंद एवढी की कॅबिनेटमधे पंख्यासमोर पडद्यासारखी लटकायची. पट्टी ओढून काढताना पिन वाकली तर सुईनं सरळ करायची, आणि ती तुटली तर डिस्कला हार घालायचा.

आणि एका पट्टीवरच्या दोघांपैकी एका वेळी एकच बोलणार. आमच्याकडं हार्ड डिस्क आणि सीडी रायटर एकाच पट्टीवर होते, काका सीडी राईट करायला लावायचे आणि मशीनला हात लावू द्यायचे नाहीत कुणाला, "सीडी चाललीय" म्हणून चहा प्यायला जायचे. मला लहानपणी वाटायचं काका उगाच घाबरतात, पण एकाच पट्टीवर दोघांची खेचाखेच झाली की रायटरला डेटा वेळेत पोचायचा नाही आणि सीडी वाया जायची हे खरंच होतं त्या वेळच्या रायटरना.

आता स्पीडचं. आयडीई चे आकडे ३३, ६६, १०० आणि शेवटी १३३ एमबी सेकंदाला असे चढत गेले. ६६ पासून पुढं केबलमधे ४० च्या जागी ८० तारा आल्या, पिना तेवढ्याच चाळीस, जास्तीच्या चाळीस तारा नुसत्या ग्राउंडच्या, शेजारच्या तारेतला सिग्नल इकडं सांडू नये म्हणून मधे मधे घातलेल्या. जुनी ४० तारांची पट्टी लावली की मशीन गपचूप ३३ वर यायचं, आणि निम्म्या महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी निम्म्या गिऱ्हाइकांना तीच जुनी पट्टी लावून दिली असणार अशी माझी पक्की खात्री आहे.

१३३ च्या पुढं हे का थांबलं? आयडीई मधे सोळा बिट सोळा तारांवरून एकदम निघतात आणि तिकडं सगळे एकाच वेळी पोचायला पाहिजेत. लेझीमचं पथक डोळ्यासमोर आणा. सोळा जण एका तालात, हलगी संथ असेल तोपर्यंत झकास दिसतं, हलगी वाढवत नेली की कुणाचं तरी पाऊल मागं पडतं आणि एकाचं चुकलं की सगळ्यांचं चुकल्यासारखं. सॅटा वाल्यांनी काय केलं, पथकच मोडलं. बिट एकामागून एक, एकेरी रांगेत, पण पळवत. सात कॉन्टॅक्टची केबल, त्यात चार डेटाचे म्हणजे एक जोडी जायला आणि एक यायला, बाकी तीन ग्राउंड. २००३ ला पहिलं सॅटा आलं ते १५० एमबीचं, नंतर ३००, मग ६०० एमबी. केबल एक मीटरपर्यंत चालते. एका केबलवर एकच डिस्क त्यामुळं मास्टर-स्लेव्हचं भांडण संपलं, जंपर गेले, कुंकवाची डबी रिटायर.

पण, आणि हा पण लई मोठा आहे, सॅटा आल्यावर हार्ड डिस्क फास्ट झाली का? नाही झाली. पेंटियम फोरमधली आमची ४० जीबीची आयडीई डिस्क स्वतःच सेकंदाला ३५ ते ५० एमबी वाचते, तिला १०० ची पट्टी असो नाहीतर १५० ची केबल, तिला काय फरक. आय थ्रीमधली ५०० जीबीची सॅटा डिस्क सुरुवातीच्या भागात सव्वाशेच्या आसपास जाते आणि शेवटच्या भागात साठ-सत्तरला येते, आणि तिच्यावर छापलंय सॅटा ६ जीबीपीएस, म्हणजे ते ६०० एमबीवालं, त्यालाच सॅटा थ्री पण म्हणतात. आमच्याकडच्या माणसाला सांगायचं तर साखर कारखान्याचं गेट कितीही रुंद करा, बाहेर ट्रॅक्टरच्या चार रांगा लावा, गव्हाणीत पडणार तेवढाच ऊस पडणार. फिरणारी डिस्क ही गव्हाण आहे. ७२०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या, एक फेरी ८.३ मिलिसेकंदाला, पाहिजे तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, त्यात डोकं इकडून तिकडं हलायचा वेळ वेगळा, हे कुठल्याच केबलनं कमी होत नाही. त्यामुळं कुणी दुकानदार तुम्हाला "ही डिस्क सॅटा थ्री आहे म्हणून फास्ट" असं सांगून फिरणारी डिस्क जास्त पैशात देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

तरी सॅटाचा मला झालेला फायदा स्पीडचा नाही, ताप कमी होण्याचा आहे. केबल बारीक, कॅबिनेट मोकळं, डिस्क लावायला दोन मिनिटं. बायोसमधे, म्हणजे मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधे, एएचसीआय मोड (सॅटाची स्वतःची बोलायची पद्धत) असेल तर चालू मशीनमधे डिस्क लावता काढता येते. त्याच मोडमधे एनसीक्यू म्हणून प्रकार आहे, मशीन डिस्कला एकदम ३२ पर्यंत कामं देऊन ठेवतं आणि डिस्क स्वतःच्या सोयीनं त्यांचा क्रम लावते, पोस्टमन गल्लीप्रमाणं पत्रं लावून घेतो तसं. विंडोज एक्सपीच्या काळात मात्र या एएचसीआय नं रडवलं होतं, एक्सपीकडं ड्रायव्हरच नाही, इन्स्टॉल करताना एफ सिक्स दाबून फ्लॉपी घाला म्हणायचं, आणि मशीनला फ्लॉपी ड्राइव्ह नसायचा. मग बायोसमधे जाऊन सॅटाला आयडीई म्हणून भासवायचं आणि पुढं जायचं. आणि पहिल्या पहिल्या सॅटा केबलना क्लिपच नव्हती, कॅबिनेट सरकवलं की सैल व्हायची. अजूनही केबल घेताना पत्र्याची क्लिप असलेलीच घ्या, वीस रुपये जास्त पडतात.

जुन्या चार पिनांच्या पॉवरवरून (मोलेक्स) सॅटाला पॉवर देणारी ती प्लास्टिकमधे एकसंध ओतलेली स्वस्तातली कनेक्टरं मिळतात ना, ती घेऊ नका. आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळतात, हे माझ्याच दुकानात झालंय, वास आला म्हणून वाचलो. तारा वेगवेगळ्या दिसतात ती दाबून बसवलेली घ्या नाहीतर सरळ एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायची पेटी, बदला.

एएचसीआय म्हणजे रेशन दुकानातली एक रांग, त्यात ३२ माणसं. एनव्हीएमई मधे अशा ६४ हजारापर्यंत रांगा आणि एकेका रांगेत ६४ हजारापर्यंत माणसं, हे कागदावर, घरच्या ड्राइव्हमधे एवढ्या रांगा कुणी देत नाही. एनव्हीएमई चा पहिला नियम-आराखडा २०११ चा. ते सॅटाच्या कंट्रोलरकडं न जाता थेट पीसीआय एक्सप्रेसवर बसतं, म्हणजे ग्राफिक्स कार्ड जिथं बसतं त्याच रस्त्यावर. मधला दलालच काढून टाकला म्हणा. फिरणाऱ्या डिस्कला रांगा वाढवून उपयोग नव्हता, पण फ्लॅश मेमरीत फिरणारं काही नाही, एकदम चार ठिकाणचं वाचता येतं, त्यामुळं तिला सॅटाची केबल खरंच आखूड पडायला लागली, ५५० ला जाऊन सगळे एसएसडी थांबायचे. म्हणजे पहिल्यांदा असं झालं की डिस्क पुढं गेली आणि केबल मागं राहिली.

आता वस्तूंकडं येतो.

सॅटा एसएसडी. आय थ्रीचा एच ६१ बोर्ड फक्त ३ जीबीपीएस सॅटा, म्हणजे ते ३०० एमबीवालं, देतो, म्हणून बॉक्सवर ५५० लिहिलेला एसएसडी माझ्याकडं २६५ च्या वर जात नाही. मित्र म्हणाला निम्मे पैसे पाण्यात. अजिबात नाही. विंडोज चालू व्हायला आधी पावणेदोन मिनिटं लागायची ती २२ सेकंदांवर आली. डिझाइनचं कोरल ड्रॉ उघडायला आठशे-नऊशे फाँट वाचावे लागतात, आधी तेवढ्यात गिऱ्हाइकाला पाणी देऊन त्याच्या गावचं पीकपाणी विचारून व्हायचं, आता नऊ सेकंद. हा फरक २६५ चा नाहीये, कारण जुनी डिस्क सव्वाशे देतच होती, दुप्पट स्पीडनं पाचपट फरक कसा पडेल. फरक त्या फिरण्याचा आहे. बारीक बारीक हजार फायली शोधायला डोकं हलवावं लागत नाही, बस. दहा वर्षं जुन्या मशीनवर पैसे घालायचे असतील तर इथंच घाला, दुसरीकडं कुठं नको. पाचपैकी पाच.

एनव्हीएमई. हा एसटीच्या जुन्या तिकिटाएवढा असतो, २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब म्हणून त्याला २२८० म्हणतात. स्लॉटमधे तिरका घालायचा, दाबून आडवा करायचा आणि टोकाला एक स्क्रू. स्क्रू! सगळं घोडं त्या एका स्क्रूपाशी अडतं. एसएसडीच्या बॉक्समधे बहुतेक वेळा स्क्रू नसतो, तो मदरबोर्डच्या बॉक्समधे एका पुडीत येतो, आणि मशीन जोडून देणारा ती पुडी बॉक्ससकट फेकून देतो किंवा आपल्याकडं ठेवतो. माझ्याकडं तेच झालं. दोन दिवस एसएसडी टेबलावर आणि मी स्क्रूच्या शोधात, शेवटी मोबाईल रिपेअरवाल्या पोरानं जुन्या लॅपटॉपमधला काढून दिला, पैसे घेतले नाहीत, त्याच्या बहिणीची पत्रिका होती पुढच्या महिन्यात.

माझा ड्राइव्ह पीसीआय एक्सप्रेसच्या जनरेशन फोरचा आहे, बॉक्सवर ५००० एमबी. माझ्या बोर्डावरचा स्लॉट जनरेशन थ्रीचा, त्यामुळं ३४०० च्या वर जात नाही, तो चार लेनचा रस्ताच तेवढा. काही बिघडत नाही, जोडतो आणि चालतो, पण हे मला आधी माहीत असतं तर शंभर-दोनशे रुपये वाचले असते. दुकानदार तर जनरेशन फाइव्ह घ्या म्हणून मागं लागला होता, मी म्हटलं अहो मी पत्रिका छापतो, उपग्रह सोडत नाही.

रोजच्या कामात सॅटा एसएसडी आणि एनव्हीएमई मधे किती फरक पडला? खरं सांगायचं तर कमी. कोरल नऊच्या जागी सहा सेकंदात. विंडोज २२ च्या जागी १४, आणि त्यातही नवीन प्रोसेसरचा वाटा आहेच. पण फ्लेक्सच्या फायली, दीड-दोन जीबीच्या एकेक, वीस बाय दहा फुटी नेत्याच्या वाढदिवसाच्या, त्या सेव्ह करताना आधी हात जोडून बसायला लागायचं, त्या आता पटकन होतात. फोटोग्राफर लोक ६० जीबीचा अल्बमचा डेटा आणून देतात, तो उतरवताना पहिले तीसेक जीबी तुफान जातात आणि मग स्पीड धपकन ३००-४०० ला येतो. स्वस्तातल्या ड्राइव्हचं हे असंच असतं, पुढं थोडी जागा फास्ट वापरतात, ती भरली की खरं रूप दिसतं. बॉक्सवरचा आकडा त्या पहिल्या तीस जीबीचा असतो. आणि गरम होतो, उन्हाळ्यात ७० डिग्री दाखवायला लागला आणि त्याच्या वर गेला की स्वतःच हळू होतो. बोर्डाबरोबर ॲल्युमिनियमची पट्टी येते ती लावा, तिच्या खालचं प्लास्टिक सोलून लावा. हसू नका, मी न सोलता लावली होती.

आणखी एक घोळ ज्यात माझी अर्धी सकाळ गेली. दुसऱ्या एम डॉट टू स्लॉटमधे मी एका लॅपटॉपमधून निघालेला एसएसडी लावून बघितला आणि मशीन चालू केलं तर डी ड्राइव्ह गायब. २ टीबीची डिस्क, चार वर्षांचं काम. पोटात गोळा. डिस्क उघडली, केबल बदलली, पॉवर बदलली, काही नाही. शेवटी मदरबोर्डचं मॅन्युअल वाचलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, या स्लॉटमधे सॅटा प्रकारचा ड्राइव्ह लावला तर दोन नंबरचं सॅटा पोर्ट बंद होतं. केबल चार नंबरला लावली, डी ड्राइव्ह परत. कारण एम डॉट टू हा फक्त आकार आहे, त्यात सॅटा पण येतं आणि एनव्हीएमई पण येतं, दिसायला भाऊ भाऊ. खाचेवरून थोडं कळतं, एनव्हीएमई ला बहुतेक वेळा एकच खाच आणि एम डॉट टू सॅटाला बहुतेक वेळा दोन, पण विकत घेताना खाचा मोजत बसू नका, एनव्हीएमई असं स्पष्ट लिहिलंय का बघा आणि तुमचा स्लॉट काय घेतो ते मॅन्युअलमधे बघा. आयडीई ची पट्टी उलटी लागायची नाही म्हणून मधे खाच असायची, तेवढं तरी प्रामाणिक होतं. एनव्हीएमई ला साडेतीन, अर्धा गुण त्या स्क्रूचा आणि एक या नावांच्या गोंधळाचा कापला.

यूएसबी केस. याबद्दल लिहायच्या आधी २०१९ चा महापूर सांगायला लागेल. ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आम्ही आय थ्रीचा डेटा पोर्टेबल हार्ड डिस्कवर घ्यायला लागलो, २८० जीबी. आय थ्रीला सगळे पोर्ट यूएसबी २.०, ते कागदावर ४८० मेगाबिट असलं तरी हातात ३२-३५ एमबी पडतात. हिशोबानं अडीच तास, पण बारीक फायली इतक्या की स्क्रीनवर साडेचार तास दिसायला लागलं. पाणी काही स्क्रीन बघून थांबत नाही. पायरीला पाणी लागलं तेव्हा कॉपी कॅन्सल करून मी आणि काका कॅबिनेटच उचलून वरच्या मजल्यावर नेलं, पेंटियम फोर पण नेला, पण टेबलाखालच्या खोक्यातली एक जुनी आयडीई डिस्क राहिली ती राहिलीच. त्या दिवसापासून मला बॅकअपचा स्पीड हा आकडा नाही वाटत.

तर हा केस १० जीबीपीएस चा, आत ५१२ जीबीचा एनव्हीएमई घातलाय. नव्या मशीनच्या मागच्या सी पोर्टला ९५० च्या आसपास देतो. पुढच्या निळ्या यूएसबी ३.० ला, जो ५ जीबीपीएस आहे, ४३० ते ४५०. आय थ्रीला तोच केस ३७. तोच केस, तोच ड्राइव्ह! म्हणजे इथं गव्हाण मोठी आणि गेट बारीक, उलटा प्रकार. तेव्हा घ्यायच्या आधी आपल्या मशीनला कुठलं पोर्ट आहे बघा, आय थ्रीसारखं मशीन असेल तर १७०० चा केस शोभेचा. आणि केबल! सी टू सी केबल सगळ्या सारख्या दिसतात, मोबाईलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याचशा केबल आतून यूएसबी २.० च्याच असतात. एक दिवस घाईत चार्जरची केबल लावली आणि स्पीड ४० आला, मी ड्राइव्हलाच शिव्या घातल्या. केसबरोबर आलेल्या आखूड केबलला मी आता लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवलीय आणि घरी बायको-पोरांना ताकीद आहे की लाल टेपला हात लावायचा नाही. दर शनिवारी २८०-३०० जीबीचा बॅकअप, बदललेल्या फायली तेवढ्याच जातात, पाच-सहा मिनिटं. चार गुण. वर्षानुवर्षं कपाटात बंद करून ठेवायला मात्र एसएसडी वापरू नका, त्याला अधूनमधून करंट लागतो, जुन्या कामाच्या साठ्याला माझ्याकडं अजून ४ टीबीची साधी सॅटा हार्ड डिस्कच आहे आणि ती तशीच राहणार.

कन्व्हर्टर. एक पेटी, तिला साडेतीन इंची आयडीई चं ४० पिनांचं तोंड, अडीच इंची लॅपटॉपच्या आयडीई चं ४४ पिनांचं, आणि सॅटाचं. बरोबर १२ व्होल्टचा अडॅप्टर, मोठ्या डिस्कला तो लागतोच, लॅपटॉपची डिस्क यूएसबीवर चालते. आधी एक स्वस्तातला घेतला होता, त्याचा अडॅप्टर अर्ध्या तासात इस्त्री झाला, परत केला. हा दुसरा बरा आहे. आयडीई डिस्कचा जंपर मास्टरवर ठेवायला लागतो, म्हणजे कुंकवाची डबी परत कामाला. काकांच्या सात आयडीई डिस्क होत्या कपाटात, एकेकाळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, पाच चालू झाल्या, एक टकटक करून गप्प बसली, एक फिरतच नाही. ४० जीबीवाल्या डिस्कवरचा ३१ जीबी डेटा पंधरा-सोळा मिनिटांत आला, म्हणजे यूएसबी ३.० असूनही ३५ चाच स्पीड, परत तीच गव्हाण.

आणि डेटा आला म्हणून नाचलो तर फाईल उघडल्यावर सगळी गिचमिड. फाँट नाही ना! २००५ ची पेजमेकरची फाईल, मराठीच्या जागी नुसती अर्थ न लागणारी इंग्रजी अक्षरं. केबलनं फायली आणल्या पण मराठी आणली नाही. ते उघडायला परत पेंटियम फोरच. कन्व्हर्टरला चार गुण, यात त्याचा काय दोष.

आणि आता ती ३५० रुपयांची पाटी. पेंटियम फोर वाचवायलाच पाहिजे हे पक्कं झालं, त्यातली डिस्क वीस वर्षांची, कधीही जाईल. नवीन आयडीई डिस्क आता मिळत नाही, मिळाली तर जुनी पुसून विकलेली. म्हणून ही पाटी, एका बाजूला आयडीई चं तोंड आणि दुसऱ्या बाजूला सॅटाचं. पट्टीला पाटी, पाटीला १२० जीबीचा सॅटा एसएसडी, जो आय थ्रीसाठी आधी ट्रायलला घेतलेला पडून होता. १२० च वापरण्याचं कारण, जुन्या बायोसना १३७ जीबीच्या पुढं दिसत नाही आणि एक्सपीला पण सर्व्हिस पॅक लागतो, कशाला वाकड्यात शिरा. कन्व्हर्टरवरून जुन्या डिस्कची जशीच्या तशी क्लोन घेतली, जंपर मास्टर, चालू केलं. पहिल्या वेळी नाही झालं. पाटीवरचाच जंपर स्लेव्हवर होता.

मग झालं. बोर्ड आयडीई १०० चा, टेस्टमधे ८८ एमबी दाखवलं. अठ्ठ्याऐंशी! नव्या मशीनच्या ३४०० पुढं हे काहीच नाही, आणि तरी पेजमेकर क्लिक केलं की समोर उभं. एक्सपी १८ सेकंदात डेस्कटॉपला. काकांच्या जमान्यात हे मशीन कधीच इतकं पळालं नव्हतं, तेही वीस वर्षांपूर्वीच्या पट्टीवर. एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवायची सोय, कळत नाही त्यामुळं एसएसडी हळूहळू मंदावत जाईल म्हणतात, जाऊ दे, दिवसातून दोन पत्रिका उघडतो त्यावर. पाचपैकी पाच, हवं तर सहा.

परवा काका आले दुकानात. खुर्चीवर बसून पेंटियम फोरचं बटण दाबलं, कान जवळ नेला, थोडा वेळ थांबले आणि मला म्हणाले, "आरं, डिस्कचा आवाजच येत न्हाय. बंद पडलं वाटतं. तुझ्या त्या डबीतला जंपर बघ."